बर्फातला माग

सिनेमात गाव दिसायला लागलं की गावाकडच्या माणसाला आधी धाकधूक होते. आता आपल्या बोलण्यावर लोकांना हसवणार, हे त्याला ठाऊक असतं. पडद्यावरचा हवालदार 'काय वो सायेब' म्हणतो, थेटर हसतं, त्यात आपणही हसतो, आणि बाहेर पडताना काहीतरी टोचत राहतं. त्यामुळं 'फार्गो' बघताना माझं निम्मं लक्ष खुनांकडं होतं आणि निम्मं एकाच गोष्टीकडं. हे सिनेमावाले त्या लहानशा गावातल्या माणसांची टिंगल करतायत का?

सिनेमा १९९६चा. काढला जोएल आणि ईथन कोएन या दोघा भावांनी. दोघे मिनेसोटा राज्यातच, मिनियापोलिसच्या शेजारच्या वस्तीत वाढलेले. म्हणजे मुलूख त्यांचाच. नाव फार्गो असलं तरी ते शेजारच्या नॉर्थ डकोटामधलं शहर सुरुवातीच्या बैठकीपुरतंच दिसतं. पुढचं सगळं घडतं मिनियापोलिसात आणि ब्रेनर्ड नावाच्या लहान गावात. गावाच्या तोंडाशी पॉल बनियन या दंतकथेतल्या लाकूडतोड्याचा अवाढव्य पुतळा, कुऱ्हाड खांद्यावर घेऊन उभा. सुरुवातीलाच पाटी येते, ही १९८७ साली घडलेली खरी हकिकत आहे म्हणून. ती पाटी साफ खोटी. मला त्याचा राग आला नाही. पारावर गोष्ट सांगणाराही 'घडलेली हाय बरं का ही' असंच म्हणून सुरुवात करतो, आणि ऐकणारा मांडी नीट घालून बसतो.

गोष्ट अशी. जेरी लुंडेगार्ड हा गाड्यांच्या शोरूममधला सेल्स मॅनेजर. शोरूम सासऱ्याचं. ज्या गाड्या अस्तित्वातच नाहीत त्यांच्यावर यानं कर्ज उचललेलं आहे, आणि आता कर्ज देणारे फोनवर गाड्यांचे नंबर मागतायत. मग हा शहाणा दोन गुंडांना सांगून स्वतःच्या बायकोला पळवायला लावतो, सासऱ्याकडून खंडणी उकळायला. गुंडांना सांगतो ऐंशी हजार डॉलर मागायचेत, निम्मे तुमचे. सासऱ्याला सांगतो दहा लाख. मधला पैसा आपल्या खिशात.

हा सिनेमा मी आमच्या तात्यांबरोबर लॅपटॉपवर बघितला. मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. तात्यांनी पंचवीस वर्षं पोलीस पाटीलकी केलीय. अर्ध्या तासात त्यांनी निकाल दिला, "सासऱ्याच्या दुकानात जावई नोकर. आरं, तिथंच सगळं आलं." मोठमोठ्या समीक्षणांत मला जे इतक्या थोडक्यात सापडलं नव्हतं, ते हे. जेरी हा घरजावई आहे. घर वेगळं असलं तरी मिंधेपणा तोच. सासरा वेड जेवायला बसला तरी घर त्याचं होतं. जमिनीच्या एका सौद्यासाठी जेरी पैसे मागायला जातो, तर सासरा तो सौदाच स्वतः घेतो आणि जावयाला दलाली देऊ करतो.

त्यानंतरचं दृश्य मी तीनदा मागं घेऊन बघितलं. जेरी बाहेर येतो. मोकळं, पांढरं मैदान, त्यात याची एकटी गाडी. समोरच्या काचेवर बर्फ गोठलेला. हा खरवडणी घेऊन काच खरवडायला लागतो. अर्धवट झाल्यावर एकदम डोकं फिरतं, खरवडणी आदळतो, हातपाय झाडतो. आणि मग शांत होऊन परत खरवडायला लागतो. दुसरं करणार काय? घरी तर जायचंय.

थंडीचा उपयोग इथं आहे. आपल्याकडच्या रहस्यकथेत अमावास्या असते, किर्र अंधार असतो, वारा घोंघावत असतो, आणि हे सगळं वाचकाला घाबरवायला आणलेलं असतं. 'फार्गो'तली थंडी कुणाला घाबरवत नाही, ती लोकांना कामाला लावते. गाडी सुरू होत नाही, बॅटरीला बॅटरी जोडावी लागते. दारातला बर्फ ओढावा लागतो. खून बघायला जायच्या आधी पोट भरून खाऊन घ्यावं लागतं. आमच्या निफाडकडं पारा तीन-चार अंशांवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात आणि पेपरात फोटो येतो. तिकडं शून्याच्या खाली वीस म्हणजे रोजचंच, त्याबद्दल बोलायचं ते सुद्धा उद्याचा अंदाज म्हणून. गंमत अशी की चित्रीकरणाच्या वर्षी मिनेसोटात बर्फ कमी पडला. त्यासाठी या मंडळींना उत्तरेकडं नॉर्थ डकोटापर्यंत जावं लागलं, काही ठिकाणी नकली बर्फही वापरावा लागला. पडद्यावर ते कळत नाही. रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्यात आभाळ आणि जमीन यांच्यातली रेघच पुसून गेलेली आहे.

आणि त्या पांढऱ्यावर माग उमटतात. गुंड ब्रेनर्डजवळच्या हमरस्त्यावर एका पोलिसाला गोळी घालतात, आणि ते बघणाऱ्या गाडीतल्या दोघांनाही मारतात. पहाटे फोन येतो तो मार्ज गुंडरसनला. ती ब्रेनर्डची पोलीस प्रमुख, सात महिन्यांची गरोदर. नवरा नॉर्म उठून अंडी करून देतो. ती जागेवर येते, बर्फातली पावलं बघते आणि एकेक पायरी जोडत जाते: माणसं दोन होती, एक मोठा, एक लहानखुरा, इथं हे घडलं, मग तिकडं ते. मध्येच वाकते. आपल्याला वाटतं काही सापडलं. तिला नुसती मळमळ आलेली असते. ती ओसरते आणि लगेच भूक लागते.

इथं तात्या सरसावून बसले. पूर्वी गावात जागल्या असायचा. चोरी झाली की माग काढत तो शिवेपर्यंत जायचा, आणि माग शिवेपलीकडं गेला की पुढची जबाबदारी त्या गावावर पडायची. मार्ज तसलीच आहे. तिच्याकडं प्रयोगशाळा नाही, भिंग नाही, डोळे मिटून विचार करायची पोज तर नाहीच. हाताखालचा ल्यू मेलेल्या पोलिसाच्या वहीतली 'डीएलआर' ही अक्षरं गाडीच्या नंबरातली समजून शोध घेत बसलेला असतो. मार्ज त्याला हळूच सांगते की ती डीलरची पाटी असेल. आवाज चढवत नाही, त्याचा पाणउतारा करत नाही. उलट लगेच त्याला एक विनोद सांगते.

आता मूळ प्रश्नावर येतो. तिकडच्या लोकांचं बोलणं नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या वस्तीकरांच्या वळणाचं, लांबट, दर वाक्यापुढं 'या, या' करणारं. सिनेमा त्या हेलावर मनसोक्त खेळतो. साक्ष देणाऱ्या दोन पोरींना गुन्हेगाराचं वर्णन विचारलं तर 'विचित्र दिसत होता' यापलीकडं गाडी जात नाही. मिनेसोटातल्या अनेकांना तेव्हा हे लागलं होतं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हेल ऐकून हसणारा बाहेरचा प्रेक्षक कसा हसतो ते आम्हाला माहीत आहे.

पण एक दृश्य बघा. बारमध्ये काम करणारा एक गृहस्थ दारातला बर्फ काढतोय आणि समोर एक पोलीस उभा आहे. हा सांगतो की परवा एक लहानखुरा माणूस गुत्त्यात येऊन असं असं बोलला, आपण तळ्याकडं राहतो म्हणाला. सांगून संपलं, मग दोघे आभाळाकडं बघतात, उद्या गारठा वाढेल म्हणतात, आणि पोलीस निघून जातो. सगळा तपास त्या दोन मिनिटांत सुटलेला असतो. चावडीवर, गिरणीत, पाणवठ्यावर बातमी अशीच हातोहात जाते, हवापाण्याच्या पुडीत बांधून. हे लिहिणाऱ्यानं ते बोलणं कान देऊन ऐकलेलं आहे. टिंगल करणाऱ्याला एवढं ऐकू येत नाही. आणि सिनेमातलं सगळ्यात शाबूत डोकं ज्या बाईच्या खांद्यावर आहे, ती त्याच हेलात बोलते. तिच्यासाठी शुद्ध भाषा ठेवलेली नाही. फ्रान्सेस मॅक्डॉर्मंडला या भूमिकेबद्दल ऑस्कर मिळालं, पटकथेबद्दल या भावांनाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. ती जेरीच्या बायकोबद्दल. डोक्यावर पिशवी घातलेली ही बाई बर्फात आंधळी धावते, पडते, आणि लहानखुरा गुंड कार्ल खिदळतो. प्रेक्षकही हसतो. पुढं ती मरते, तेही पडद्याआड. तिच्यासाठी कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. तिचा शाळकरी पोरगा स्कॉटी आजा गेला, आई गेली, बाप तुरुंगात, अशा अवस्थेत सिनेमातून जो नाहीसा होतो तो होतोच. तपास नीट करणाऱ्या बाईवर जीव लावणारे हे दोघे भाऊ या दुसऱ्या बाईला एक गाठोडं समजून वागवतात. तिथं टिंगल आहे, आणि ती हेलाच्या टिंगलीपेक्षा वाईट आहे.

शेवटाकडं कार्ल नऊ लाख वीस हजार डॉलर बर्फात पुरतो. कुंपणाचे खांब डावीकडंही सारखेच, उजवीकडंही सारखेच. खूण म्हणून तो काय रोवतो, तर गाडीची लाल खरवडणी. जेरीनं आदळली तसलीच. ते पैसे पुढं कुणाला मिळतात, हे सिनेमा सांगत नाही. कार्ल एका गाडीच्या वाटणीवरून कुऱ्हाडीनं मरतो, आणि त्याचा जोडीदार फांद्यांचा भुगा करायच्या यंत्रापाशी मार्जला सापडतो.

त्याला मागं बसवून नेताना मार्ज त्याला सांगते की आयुष्यात थोड्याशा पैशापेक्षा जास्त काही असतं, आणि दिवस किती छान आहे. बाहेर नुसता पांढरा धुरळा. मला हे आवडलं होतं. तात्या म्हणाले, "तिच्या डोक्यावर कर्ज न्हाई. म्हणून तिला कळत न्हाई." मी म्हणालो, गुंडालाही कर्ज नव्हतं. त्यावर त्यांनी नुसता हात हलवला.

मग शेवटचं दृश्य. रात्र, पलंग, मार्ज आणि नॉर्म. नॉर्मनं काढलेलं बदकाचं चित्र टपाल तिकिटावर येणार, पण तीन सेंटच्या, म्हणून तो हिरमुसलाय. ती म्हणते, दर वाढले की लोकांना छोटी तिकिटं लागतातच. बाळाला अजून दोन महिने. तात्यांनी तीन सेंट म्हणजे किती पैसे ते विचारलं, मी सांगितलं, आणि मग बराच वेळ ते त्या बदकाबद्दलच बोलत राहिले.