मद्याचा श्वास आणि रसिकाची जीभ

रस, रुची, आस्वाद, गोडी हे आपल्या काव्यचर्चेतील नित्याचे शब्द मूळचे जिभेचे आहेत, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. काव्याची परीक्षा करणारा आणि पाकाची परीक्षा करणारा या दोघांची परिभाषा एकच असावी, हे काही केवळ योगायोगाने घडलेले नाही. दोघांनाही अखेर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते, आणि तो प्रश्न म्हणजे, ‘तुम्हांस स्वतःला काय लागले?’ या प्रश्नास टाळाटाळ करण्याच्या अनेक युक्त्या दोन्ही क्षेत्रांत रूढ आहेत. त्यांपैकी एकीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय मद्याचा असला, तरी ज्या वाचकांच्या घरी काकवीखेरीज दुसरी तांबडी बाटली कधी आली नसेल, त्यांनीही हे पान उलटू नये अशी विनंती आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस जॉर्ज सेंट्सबरी हे नाव नवे नाही. १८९५ पासून १९१५ पर्यंत ते एडिंबरो येथे प्राध्यापक होते, आणि युरोपातील समीक्षेचा व वाङ्मयीन अभिरुचीचा त्यांचा त्रिखंडात्मक इतिहास आमच्या पिढीपर्यंत चाळला जात असे. याच विद्वानाने १९२० साली, वयाच्या पंचाहत्तरीत, ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’ या नावाचे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. तळघरातील बाटल्यांच्या नोंदवहीवरून लिहिलेल्या त्या आठवणी होत. पुढे इंग्रजीत मद्यावर रसिकतेने लिहिण्याची जी प्रथा वाढली, तिच्या आरंभकाळातील हे एक मान्यवर पुस्तक समजले जाते. एखाद्या जुन्या एर्मिताजविषयी सेंट्सबरी लिहू लागले, म्हणजे हे गृहस्थ मद्याविषयी बोलत आहेत की एखाद्या नाटककाराविषयी, असा क्षणभर भ्रम पडतो. पुस्तकाचा मोठा गुण हा की, त्यात लेखकाने स्वतः प्यालेल्या मद्यांचीच स्तुती आहे. परंतु थोरांच्या मागून येणाऱ्यांच्या हाती त्यांची जीभ लागत नाही, त्यांचे शब्द मात्र लागतात. आणि मग त्या शब्दांचे विधी बनतात.

असाच एक विधी म्हणजे ‘वाईनला श्वास घेऊ देणे’. पाहुणे येण्यापूर्वी तास-दोन तास बाटलीचे बूच काढून ठेवावे, म्हणजे कोंडलेले मद्य मोकळे होते, त्याचा तुरटपणा निवतो आणि सुगंध उमलतो, अशी समजूत युरोपात फार दिवसांची आहे. आज नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे सहलीस जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडीही ती ऐकू येते. ही समजूत आम्हां मराठी लोकांस विशेष पटावी असे एक कारण आपल्या भाषेतच दडलेले आहे. ऑक्सिजनला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. बाटलीत शिरणारा वायूच जर प्राण देणारा, तर त्याने मद्य जिवंत होणार नाही तर काय? पण त्याच मराठी घरातील गृहिणीस विचारावे. लोणचे मुरते ते दादरा बांधलेल्या बरणीत. आणि उघड्या राहिलेल्या चिवड्याला वारा लागला की तो सादळतो. हवेचे हे दुसरे रूप ‘प्राणवायू’ या शब्दात कोठेच दिसत नाही. रूपक सुंदर असले, म्हणजे त्याचा पुरावा मागण्याचे आपल्या मनात येत नाही, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

या मताचे समर्थक लुई पाश्चर यांच्याकडे बोट दाखवितात, आणि ते अगदीच निराधार नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून पाश्चरने मद्याच्या रोगांचा अभ्यास हाती घेतला व १८६६ साली त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेच्या नळ्यांत मद्य भरून, काहींत हवा ठेवून व काहींत न ठेवता, त्याने त्या बंद केल्या, आणि असे दाखविले की हवा असलेल्या नळ्यांतील मद्याचा रंग पालटतो, त्यात साका बसतो, ते वृद्ध होते. हवा नसलेल्यांत तसे होत नाही. मद्य मुरण्यास प्राणवायू लागतो, हे येथवर खरे. परंतु पाश्चरचा प्राणवायू आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने काम करणारा आहे. लाकडी पिंपातून तो हळूहळू झिरपतो. हीच हवा अमर्याद मिळाली, तर मद्याचा शिरका होतो, हेही पाश्चरनेच शिकविले. महिन्यांचा सिद्धांत तासाला लावणे म्हणजे पावसाळ्याचा हिशेब एका सरीवरून मांडण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे पाहू. साध्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीच्या गळ्याचा आतील व्यास सुमारे १८-१९ मिलिमीटर असतो. म्हणजे बूच काढून ठेवलेल्या बाटलीतील मद्याचा हवेशी संबंध येतो तो जेमतेम पावणेतीन चौरस सेंटिमीटर एवढ्या पृष्ठभागातून. उलट, सात सेंटिमीटर रुंदीच्या पेल्यात ओतलेल्या मद्याचा पृष्ठभाग सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौदा पट भरतो. शिवाय ओतताना ते उसळते, घुसळते, ते निराळेच. बाटलीच्या गळ्यातून तासाभरात जी हवा मिळणार, तीहून अधिक ती ओतण्याच्या एका क्षणात मिळते. बरे, मिळाली तरी तिचे कार्य किती? नेहमीच्या खोलीतील उष्णतामानास एक लिटर मद्यात हवेतील प्राणवायू मुरतो तो सुमारे ८ मिलिग्रॅम. आणि तेवढाही मद्यातील द्रव्यांशी संयोग पावून संपण्यास कित्येक दिवस लागतात. तेव्हा नुसते बूच काढून तासभर वाट पाहणे हा विधी निरुपद्रवी खरा, पण त्याच्या अंगी म्हणण्यासारखे सामर्थ्य नाही.

मग या समजुतीत सत्याचा अंश मुळीच नाही काय? आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पहिली गोष्ट साक्याची. पोर्तुगालचे उत्तम जातीचे ‘व्हिंटेज’ पोर्ट दोनएक वर्षांतच पिंपातून बाटलीत भरले जाते व पुढे दशकानुदशके बाटलीतच मुरते. त्यामुळे तळाशी दाट गाळ बसतो. अशी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, गळ्यामागे मेणबत्ती धरावी, मद्य संथपणे काचेच्या सुरईत ओतावे आणि गाळाची रेघ खांद्याशी येताच हात थांबवावा, हा रिवाज सर्वस्वी शहाणपणाचा आहे. त्याचा हेतू मद्य निवळ करणे हा आहे. हवा देणे हा नव्हे. दुसरी गोष्ट वासाची. काही मद्यांना, विशेषतः कोवळ्या मद्यांना, उघडताक्षणी हायड्रोजन सल्फाइडसारख्या द्रव्याचा, नासक्या अंड्याची आठवण करून देणारा दर्प येतो. सुरईत उसळून ओतल्याने तो पुष्कळदा उडून जातो. पेल्यात स्वच्छ तांब्याचे नाणे टाकण्याचा जुना तोडगाही याच जातीचा. तांबे त्या गंधकी द्रव्याला धरून ठेवते. परंतु दोष निघून जाणे निराळे आणि गुण वाढणे निराळे. जळमटे झाडल्याने घर स्वच्छ दिसते. त्याने घराला नवा मजला चढत नाही.

हा भेद ज्याने सर्वांत स्वच्छपणे मांडला तो लेखक म्हणजे बोर्दो येथील प्राध्यापक एमिल पेनो (१९१२-२००४). ‘ल गू द्यू व्हँ’, म्हणजे मद्याची रुची, हा त्यांचा ग्रंथ १९८० साली निघाला. सेंट्सबरींच्या पुस्तकाशेजारी तो ठेवला, तर प्रथम तो रुक्ष वाटतो. पण वाचीत गेल्यावर त्याची खरी योग्यता ध्यानात येते. पेनोंचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या बाटलीत गाळ आहे तीच सुरईत ओतावी, आणि तीही वाढण्याच्या अगदी ऐनवेळी, आधीपासून हवा द्यावयाची ती ज्या मद्यात वायूचा वा वासाचा काही दोष आहे त्यालाच. निर्दोष मद्याचा सुगंध हवेने वाढण्यापेक्षा विरण्याचाच संभव अधिक. ज्या नगरीचे वैभव मद्याच्या कीर्तीवर उभे आहे, तेथेच बसून तेथील एका आवडत्या विधीची पेनोंनी अशी परीक्षा करावी, यात मला समीक्षकाचे खरे धैर्य दिसते. त्यांच्या मताविरुद्ध एक आक्षेप संभवतो. वायव्य इटलीतील बारोलोसारखी अतिशय तुरट मद्ये तासन्‌तास सुरईत ठेवल्यावर मवाळ लागतात, असे अनेक जाणते लोक सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्या दोन तासांत तळघरातून आलेली बाटली खोलीच्या उष्णतेस येते, ताटात मांस आणि चीज येते, आणि पिणाऱ्याची जीभ तुरटपणाला सरावते. हवेच्या नावे जमा होणाऱ्या गुणांत या तिघांचा वाटा केवढा, हे आधी वजा करून पाहिले पाहिजे.

येथे एक स्वतःची फजिती सांगणे क्रमप्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी अध्ययनासाठी एडिंबरो येथे थोडे महिने राहण्याचा योग आला. तेथील एका महाराष्ट्रीय डॉक्टर स्नेह्यांच्या घरी जेवणाच्या वेळी हाच वाद निघाला, आणि सेंट्सबरींच्या गावी आलेल्या मी श्वासाच्या बाजूने सुमारे पाव तास व्याख्यान झोडले. डॉक्टर काही बोलले नाहीत. पुढल्या शनिवारी त्यांनी एकाच बोर्दो मद्याच्या तीन बाटल्या आणल्या. एकीचे बूच दोन तास आधी काढले, दुसरी तेव्हाच सुरईत ओतली, तिसरी आयत्या वेळी उघडली. आणि त्यांच्या मुलाने आतल्या खोलीत तीन पेले भरून त्यांच्या बुडाशी चिठ्ठ्या चिकटविल्या. मी पहिला पेला ‘अजून मिटलेला’, दुसरा ‘अर्धोन्मीलित’ आणि तिसरा ‘पूर्ण उमललेला’ असा निकाल दिला. शिवाय प्रत्येकास एकेक इंग्रज कवी जोडून दाखविला. वहिनी म्हणाल्या, “मला बाई पहिला आणि तिसरा सारखाच लागतो. मधल्याचा वास किंचित उतरल्यासारखा वाटतो, एवढंच.” चिठ्ठ्या पाहिल्या. माझा पूर्ण उमललेला पेला त्याच क्षणी उघडलेल्या बाटलीचा होता. पहिला, नुसते बूच काढलेल्या बाटलीचा. आणि मधला सुरईतला! एका संध्याकाळच्या खेळाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरे. पण माझ्यापुरते एक सिद्ध झाले. मी जीभ वापरलीच नव्हती.

अशी फसगत माझ्यासारख्या हौशी माणसाचीच होते असेही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो विद्यापीठात मद्यशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरे मद्य व तेच मद्य निर्गंध तांबडा रंग घालून ठेवण्यात आले होते. रंगविलेल्या पेल्याचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या मद्याला शोभणारे शब्द योजिले. डोळ्यांनी आधी निकाल दिला आणि नाकाने त्यावर सही केली. रुचीला अपेक्षा किती सहज वळविते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

या सर्वांतून मला बोचते ते माझ्या वर्गातले. पुष्कळ वर्षांमागे एका विद्यार्थिनीने एका प्रख्यात इंग्रज कवीच्या दीर्घ काव्याविषयी विचारले होते, “सर, आपणांस स्वतःला हे आवडते का?” मी उत्तर दिले, “हे काव्य हळूहळू उमलते. तुम्ही वयाने वाढाल तेव्हा कळेल.” त्या काव्याने मला कधीही आनंद दिलेला नव्हता; ते थोर आहे, असे मी वाचले होते. काही काव्ये खरोखरच सावकाश उमलतात, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझे उत्तर अधिक दोषार्ह होते. कारण एका खऱ्या गोष्टीच्या आड मी माझे अज्ञान लपविले. ‘थांबा, अजून श्वास घेऊ द्या’, असे म्हणणाऱ्या यजमानास कोणी खोटे पाडू शकत नाही. मद्य चांगले लागले तर विधीचा महिमा. न लागले तर आपण थांबलो ते कमी! ज्या मताला हरण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याला मत म्हणण्यापेक्षा शिष्टाचार म्हणणे बरे.

यावर उपाय अवघड नाही. मद्य पेल्यात ओतल्यावर अर्ध्या तासात त्याचा गंध बदलत जातो, हे कोणासही अनुभवता येते. मग तो बदल आपल्यासमोर होऊ द्यावा. दोन तास आधी सुरईत ओतणारा मनुष्य पुस्तकाची पहिली प्रकरणे पाहुण्यांच्या अपरोक्ष संपवून टाकतो. बाटली उघडावी, गाळ असेल तर निवळून घ्यावी, दर्प असेल तर उसळून घ्यावी, आणि मग काय लागते ते सांगावे. फरक कळला नाही, तर कळला नाही असे म्हणावे. वहिनींना ते सहज जमले, कारण त्यांना कोणाचे शब्द जपावयाचे नव्हते.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता आज मजजवळ नाही. असता तर तिला एवढेच कळविले असते की, ते काव्य मी गेल्या पावसाळ्यात, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा एकदा प्रारंभापासून वाचले. त्यातील दोन सर्ग मला मनापासून आवडले. बाकीचे आवडले नाहीत.