तुला परत मानला! शार्दूल ठाकूर आणि माझं बदललेलं मत

कसारा लोकल रखडली, त्यामुळे आपण वीस मिनिटं उशिरा सुरू करतोय. तेव्हा प्रस्तावना कापतो. संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, माझ्या एका चुकीबद्दल बोलतो. त्यांना वाटलं, कांटबद्दलची असेल. चूक निघाली क्रिकेटमधली. (हशा)

हसा, हरकत नाही. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं आणि मत कसं बनतं, कसं मोडतं, हे मला नीट कळलं ते एका क्रिकेटपटूमुळे. त्याचं नाव शार्दूल ठाकूर.

शार्दूल पालघरचा. जन्म १९९१चा. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला, म्हणजे तो जन्मला तेव्हा पालघरही ठाणे जिल्ह्यातच होतं, आपल्या शहापूरसारखं. रेल्वेच्या हिशोबानं बघा. आसनगाव मुंबईपासून साधारण पंच्याऐंशी किलोमीटर, पालघर साधारण नव्वद. आपण मध्य रेल्वेच्या टोकाकडचे, ते पश्चिम रेल्वेच्या. पण आपल्याला निदान लोकल होती. त्यांच्याकडे २०१३पर्यंत लोकल विरारलाच संपायची, पुढं शटल किंवा पॅसेंजर. शाळेत असताना त्याचा खेळ प्रशिक्षक दिनेश लाड यांनी पाहिला आणि त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. रोहित शर्मा घडला तीच शाळा, तेच प्रशिक्षक. शालेय क्रिकेटमध्ये शार्दूलनं एका षटकात सहा षटकार मारले होते.

आता माझं मत ऐका. ऑगस्ट २०१७मध्ये तो कोलंबोला पहिला एकदिवसीय सामना खेळला. अंगात दहा नंबरचा शर्ट. सचिनचा नंबर! लोक खवळले, त्यात मीही होतो. मग ऑक्टोबर २०१८मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला, लंगडत बाहेर गेला. मी लगेच विनोद केला, ‘दहा नंबर, दहा चेंडू.’ आमच्या चहाच्या टपरीवर तो विनोद खूप चालला. मी तो दोन वर्षं चालवला.

म्हणजे बघा, एका माणसाला दुखापत झाली, आणि मी ती त्याच्या योग्यतेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली. हेच माझ्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत केलं असतं, तर मी शाईनं गोल काढला असता.

लोक म्हणतात, ‘मला त्याच्याबद्दल शंका होती.’ मीही तसंच म्हणायचो. पण शंका म्हणजे काय? न्यायदर्शनात गौतमांनी सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तिसरा संशय, नववा निर्णय. संशयाचं ठरलेलं उदाहरण असं: संध्याकाळची वेळ आहे, लांब काहीतरी उभं दिसतंय. खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही असते, त्यामुळे उंचीवरून ठरत नाही. मग तुम्ही काय करता? डोळे बारीक करून बघता. हात दिसतात का, हालचाल आहे का. संशय माणसाला बघायला लावतो, म्हणून तो ज्ञानाच्या वाटेवरचा आहे.

आणि दुसरी एक गोष्ट असते, विपर्यय. शिंपला पडलाय आणि तुम्ही म्हणता, चांदी. इथे तुम्ही थांबत नाही, बघत नाही, कारण तुम्हाला वाटतं की कळलंय.

आता मला सांगा, माझ्याकडे काय होतं? दोन वर्षांत मी शार्दूलचं एक षटक तरी नीट पाहिलं होतं का? नाही. मी त्याला संशय म्हणत होतो, आणि होता विपर्यय. संशय म्हटलं की कसं सभ्य वाटतं! प्राध्यापकाला शोभतं. प्रत्यक्षात मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

पुढं काय झालं, ते तुमच्यापैकी बहुतेकांना पाठ असेल. जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. बुमरा, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांची पहिलीच कसोटी, शार्दूलची दुसरी. मैदान गॅबा, जिथं ऑस्ट्रेलिया १९८८पासून हरला नव्हता. १७ तारीख, रविवार. आपल्याकडे पहाटे साडेपाचला खेळ सुरू व्हायचा. घरचे झोपलेले, म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता. आज वाटतं, ते बरं झालं. समालोचन नव्हतं, त्यामुळे ‘हा कोण’ हे कुणी सांगत नव्हतं. नुसता खेळ दिसत होता.

ऑस्ट्रेलियाच्या ३६९. आपले १८६ला सहा बाद. शार्दूल आला आणि कमिन्सला षटकार मारून त्यानं खातं उघडलं. मी म्हटलं, झालं, आता पाच मिनिटांत परत जाईल. पण तो गेला नाही. ११५ चेंडू खेळला, ६७ धावा केल्या. सरळ बॅटनं ड्राइव्ह, सोडायचे ते चेंडू सोडलेले. वॉशिंग्टनबरोबर १२३ धावांची भागीदारी. आमच्या घरातून चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, ‘अहो, हा तुमचा तो दहा नंबरवालाच ना?’ (हशा)

त्या सामन्यात त्यानं पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात चार बळी घेतले. शेवटच्या दिवशी भारतानं ३२८चं लक्ष्य गाठलं आणि मालिका २-१ जिंकली.

तर माझं मत बदललं का? इथे खरी गंमत आहे. नाही बदललं. मी म्हटलं, नशीब जोरावर आहे.

हे ‘नशीब’ मोठं सोयीचं असतं. बळी मिळाला तर नशीब, नाही मिळाला तर ‘मी म्हणालोच होतो’. काहीही घडलं तरी माझं म्हणणं शाबूत! कार्ल पॉपर सांगतात, जे विधान कशानंच खोटं ठरू शकत नाही, ते बळकट आहे असं समजू नका; त्यानं जगाबद्दल काही सांगितलेलंच नसतं. मी वर्गात हे दरवर्षी शिकवलं. आणि टपरीवर बरोबर उलटं करत होतो.

त्याच सुमारास लोक त्याला ‘लॉर्ड शार्दूल’ म्हणायला लागले. या नावावर माझा आक्षेप आहे. वरवर कौतुक आहे, पण आत काय आहे? ‘याला जमायला नको होतं, तरी जमतंय, काय चमत्कार!’ बुमराला कुणी लॉर्ड म्हणत नाही. त्यानं बळी घेतला तर लोक चेंडूची टप्पा-दिशा सांगतात, मनगट सांगतात. शार्दूलनं घेतला तर विनोद सांगतात. थट्टेतल्या पदवीनं आपण आपलं जुनं मत तसंच ठेवतो आणि टाळ्याही वाजवतो. माणूस सिंहासनावर बसवला की त्याच्या कामाकडे बघावं लागत नाही.

सप्टेंबर २०२१, ओव्हल. पहिल्या डावात ३६ चेंडूंत ५७, दुसऱ्या डावात ६०, आणि चौथ्या डावात ज्यो रूटचा त्रिफळा. भारत १५७ धावांनी जिंकला. मग जानेवारी २०२२, जोहान्सबर्ग: ६१ धावांत सात बळी. दक्षिण आफ्रिकेत कुठल्याही भारतीय गोलंदाजाची कसोटीतली ती सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्या दिवशी मी ठरवून बघितलं, चेंडूगणिक.

काय दिसलं? हा फार उंच नाही, फार वेगवान नाही. पण शिवण सरळ ठेवून चेंडू जोरात आपटतो, आणि खेळपट्टी थोडी जरी साथ देत असेल तर टप्प्यानंतर चेंडू काय करेल हे फलंदाजाला उशिरा कळतं. एल्गर आणि पीटरसन जेवणाआधी तसेच गेले. न्यायानं सांगायचं, तर व्हॅन डर डुसेनच्या झेलावर वाद झाला, आणि बवुमा लेग साइडच्या चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन गेला, ती गोलंदाजाची मोठी करामत नव्हे. म्हणजे त्या सातांत नशीब होतं. पण कुणाच्या सातांत नसतं? आणि तो सामना भारत हरला, हेही लक्षात ठेवा. विजयाच्या गुलालात मी वाहून गेलो, असं म्हणायला जागा नाही.

त्या रात्री मी जुनी आकडेवारी काढली. २०१२मध्ये मुंबईकडून रणजीत आला, पहिल्या हंगामात बळी महाग पडले. २०१४-१५च्या रणजी हंगामात याच पोरानं ४८ बळी घेतले होते. अठ्ठेचाळीस! ही माहिती २०१७मध्ये उपलब्ध होती. वर्तमानपत्रात येऊन गेली होती. मी शर्टाचा नंबर बघत बसलो.

मग प्रश्न येतो, असं का झालं? मी खूप विचार केला, आणि उत्तर फारसं सुखाचं नाही. मी स्वतः रेल्वेच्या या टोकाकडचा. पण मुंबईच्या क्रिकेटचा नकाशा माझ्या डोक्यात दादर-माटुंग्याचाच होता. त्याबाहेरून कुणी आला की तो ‘चुकून’ आला, असं मीही धरून चालायचो.

एक गोष्ट सांगतो, आणि ती सांगायलाच आज उभा आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, आपल्या तालुक्यातल्या पाड्यावरचा. पहिल्या तासाला हमखास उशीर, कारण खर्डीहून गाडी पकडायची आणि त्याआधी खर्डीपर्यंत चालायचं. शेवटच्या बाकावर बसायचा, तोंड उघडायचा नाही. परीक्षेत त्यानं अनुमानावर असं उत्तर लिहिलं, की मी दोनदा वाचलं. मार्क दिले, त्यात कुचराई केली नाही. पण उत्तरपत्रिका हातात देताना म्हणालो, ‘सोयीचा प्रश्न आला बरं का तुला.’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, मग दुसरा विचारा.’

मी विचारला नाही. तास संपत होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षी त्यानं विषय बदलला. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण तो दुसरा प्रश्न मी त्याचा देणं लागतो, आणि तो आता फिटणार नाही. शार्दूलचं बरं, त्याला निवड समितीनं दुसरा प्रश्न विचारला. हैदराबादच्या दहा चेंडूंनंतर सव्वादोन वर्षांनी का होईना, विचारला.

आता कुणी म्हणेल, सर, मग तुम्ही शार्दूलचे भक्त झालात. नाही हो. भक्ती म्हणजे आधीचाच दोष, फक्त तोंड उलटीकडे. तिथंही बघणं बंदच होतं. डिसेंबर २०२३मध्ये सेंच्युरियनला त्यानं १०१ धावा देऊन एक बळी घेतला, आणि त्या दिवशी त्याची गोलंदाजी वाईट होती. तो धावा देतो. सपाट खेळपट्टीवर तो तुमचा मुख्य गोलंदाज होऊ शकत नाही. आणि तीन महिन्यांत, मार्च २०२४मध्ये, रणजी उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबईचे सात गडी १०६ला बाद असताना यानंच १०९ धावा केल्या. प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. पुढं मुंबईनं बेचाळीसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझं आजचं मत असं: तो महान नाही, पण संघ अडचणीत असताना ज्याच्याकडे बघावं असा कष्टानं घडलेला खेळाडू आहे. हे मत लहान आहे, पण बघून बनलंय. उद्या काही वेगळं दिसलं तर बदलेन.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. डिसेंबर २०१९मध्ये कटकला शार्दूलनं सहा चेंडूंत नाबाद १७ करून सामना जिंकायला मदत केली, तेव्हा विराट कोहलीनं मराठीत लिहिलं होतं, ‘तुला मानला रे ठाकूर.’ गॅबाच्या त्या खेळीनंतर पुन्हा लिहिलं, ‘तुला परत मानला रे ठाकूर.’ दिल्लीचा माणूस, पण आपल्या भाषेतलं नेमकं क्रियापद उचललं.

मराठीत ‘मी असं मानतो’ म्हणजे माझं मत असं आहे. आणि ‘मी त्याला मानतो’ म्हणजे मी त्याचा आदर करतो. एकच क्रियापद! एखाद्याबद्दल मत बनवणं आणि त्याला मान देणं, ही आपल्या भाषेनं शेजारी ठेवलेली कामं आहेत. नीट न बघता मत बनवलं, की चूक नुसती बुद्धीची राहत नाही, समोरच्याचा थोडा अपमानही होतो. आणि कोहलीचा तो ‘परत’ मला फार आवडतो. एकदा मानलं आणि संपलं, असं नसतं. परत बघायचं, परत मानायचं, किंवा परत न मानायचं.

तुमच्यात शिक्षक बरेच दिसतायत. उद्या वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर काही चांगलं लिहून देईल, तेव्हा त्याला दुसरा प्रश्न जरूर विचारा. तास संपत असला तरी.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, पण साडेआठच्या आत. परतीच्या गाडीचा मला अजूनही संशय आहे, आणि तो खरा संशय आहे. (हशा)