देवमाशाच्या पुस्तकात प्रश्न कुठे आहे?

देवमाशावरचं मुलांचं पुस्तक उघडलं की आधी आकडे भेटतात: लांबी ३० मीटर, वजन दीडशे टन, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी. मुलं ते पाठ करतात, पाहुण्यांना म्हणून दाखवतात आणि पुस्तक मिटतात. अचंबा वाटतो, शंका मात्र येत नाही. निसर्गातल्या गूढांवरच्या आपल्या बऱ्याचशा बालसाहित्याचं दुखणं हेच आहे.

यावरचा उतारा समुद्रापासून लांब, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद-भोपाळ परिसरात तयार झाला. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने मुलांच्या हाती तयार उत्तरांऐवजी प्रयोग दिले. त्यात 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं; मुलं त्याला पत्रं लिहून वाटेल ते विचारत. या कामातून १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था उभी राहिली आणि १९८५ मध्ये 'चकमक' मासिक निघालं. राज्य सरकारने २००२ मध्ये शाळांमधला कार्यक्रम बंद केला, मासिक मात्र टिकलं. 'चकमक' मुलांचं स्वतःचं लेखन आणि चित्रं छापतं, त्यामुळे मूल तिथे नुसता वाचक राहत नाही. भोपाळच्याच 'एकतारा'ने पुढे 'प्लूटो' आणि 'साइकिल' काढली; त्यांत चित्र मजकुराची सजावट म्हणून येत नाही, स्वतःचं काहीतरी सांगतं.

मराठीशी या परंपरेचं नातं जुनं आहे. होशंगाबादच्या कार्यक्रमात घडलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेत रमले. त्यांच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी पुस्तकं मोफत मिळतात. एकलव्यच्या 'संदर्भ'च्या धर्तीवर पुण्यातून 'शैक्षणिक संदर्भ' निघालं, पण त्याचा रोख शिक्षकांकडे अधिक. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून मुलांच्या हाती आहे. तेव्हा माहितीची वानवा नाही. ती माहिती कुणाला, कशी कळली, ही गोष्ट तेवढी सांगायची राहून जाते.

आणि देवमाशाबद्दलची अशी एक गोष्ट आपल्याच देशात सुरू झालेली आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागात कालाकोटजवळ गोळा केलेले दगड वर्षानुवर्षं फोडले न जाता पडून होते. त्यांच्या निधनानंतर ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे गेले. साफसफाई करताना एका कवटीचं कानाजवळचं हाड अपघाताने तुटलं आणि आतली जाड कड दिसली. तशी कड तोवर देवमाशांच्या कुळाचीच खूण मानली जाई. हा प्राणी मात्र चार पायांचा, खुरांचा, मांजराएवढा, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा होता: इंडोह्यूस, देवमाशाचा दूरचा नातलग. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

या गोष्टीचं मुलांसाठी पुस्तक करताना शेवटचं उत्तर पहिल्या पानावर देण्याचा मोह टाळायला हवा. आधी दगड, मग तुटलेलं हाड, मग दोन-तीन तर्क, आणि कोणता तर्क का टिकला हे सगळ्यात शेवटी. असं पुस्तक वाचलेलं मूल दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारेल, "पण हे तुम्हाला कशावरून माहीत?" त्या प्रश्नाने वर्गात थोडी अडचण होईल. ती अडचण निर्माण करणं हेच या पुस्तकांचं काम आहे.