सराईत कोण?

'खडकीतील सराईत गुन्हेगार तडीपार' अशा धर्तीचा मथळा पुण्याच्या वाचकाला नवा नाही. ठिकाण तेवढे बदलते. त्यातला 'तडीपार' चटकन उलगडतो. तड म्हणजे काठ. खडकीला मुळेचा काठ आहे खरा, पण नुसता दापोडीचा पूल ओलांडून भागत नाही. आदेशात अख्खा जिल्हाही येऊ शकतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत असते. 'सराईत'चे प्रकरण मात्र इतके सरळ नाही.

एरवी हा कौतुकाचा शब्द. सुगरणीचा हात सराईत, शिंप्याची कात्री सराईत. सरावाने आलेली सफाई त्यातून सुचते. बातमीतला सराईत तर पकडला गेलेलाच असतो! म्हणजे तिथे हा शब्द कसबाविषयी बोलतच नाही, पोलिसांच्या दप्तरातील नोंदींविषयी बोलतो. आणि नोंद एकदा झाली की ती माणसाला चिकटते.

या चिकटण्याला इतिहास आहे. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो १९५२मध्ये रद्द झाला, पण मुंबई राज्यात १९५९मध्ये 'सवयीच्या गुन्हेगारां'चा कायदा आला. जन्माच्या जागी सवय आली. पोलिसांची नजर कितपत बदलली, हे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत वाचावे. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'चे शीर्षकच पाहा. 'उचलणे' या क्रियापदाचे जमातीचे नाव झाले, आणि ते न उचलणाऱ्यालाही लागले.

उलट दिशेचा एक शब्द अमेरिकेत घडला. दारूबंदीच्या काळात, १९२४मध्ये, कायदा धाब्यावर बसवून पिणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून बोस्टनकडे २०० डॉलरची स्पर्धा झाली. पंचवीस हजारांवर सूचनांतून 'स्कॉफलॉ' निवडला गेला: कायद्याची टर उडवणारा. लाज कुणाला वाटली नाही, पण शब्द टिकला आणि पुढे वाहनांचे दंड थकवणाऱ्यांना लागला.

मराठीत 'कोडगा', 'निर्ढावलेला' आहेत, पण ते स्वभावाचे शब्द. कायद्याशी त्यांचा थेट संबंध नाही. खडकीतून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर हेल्मेट कोपराला अडकवून रोज उलट्या बाजूने येणाऱ्या गृहस्थाला आपली वृत्तपत्रे 'बेशिस्त वाहनचालक' म्हणतात. जणू शाळेत रांग मोडली! सिग्नल लाल होताना तो ज्या सफाईने निसटतो, ती पाहिली तर शब्दाच्या मूळ अर्थाने सराईत तोच.