संप्रदान कोणते? : एका चाहतावर्गाच्या दानाची भाषा

१

संस्कृत व्याकरणाने दानक्रियेला एक स्वतंत्र कारक बहाल केले आहे. कर्ता आपल्या कर्माच्या द्वारे ज्याच्याशी संबंध साधू इच्छितो ते संप्रदान, असा पाणिनीच्या सूत्राचा आशय आहे. या व्याख्येचे मर्म ‘इच्छितो’ या शब्दात आहे. वस्तू अखेर कोणाच्या हाती पडली एवढ्यावरून संप्रदान ठरत नाही. देणाऱ्याचे मन कोणाकडे लागले होते, हेही पाहावे लागते. उत्तरकालीन वैयाकरणांनी यात आणखी एक अट घातली. धोब्याला कपडे दिले म्हणून धोबी संप्रदान होत नाही, कारण देणाऱ्याने कपड्यांवरचे आपले स्वत्व सोडलेले नसते. अभिप्राय आणि स्वत्वत्याग या दोन कसोट्या हाती घेतल्या, तर आजच्या दानव्यवहारातील काही गुंतागुंतीच्या प्रकारांकडे नीट पाहता येते.

असा एक प्रकार म्हणजे गायकाला प्रिय असलेल्या बालकल्याणकार्यासाठी त्याच्या चाहत्यांनी निधी जमवणे. येथे देणारा चाहता, घेणारे मूल आणि या दोहोंच्या मध्ये उभा असलेला गायक असे तीन पक्ष आहेत. चाहत्याचा अभिप्राय मुलाकडे आहे की गायकाकडे, हा खरा प्रश्न होय. दक्षिण कोरियातील ‘बीटीएस’ या सात गायकांच्या समूहाचे आणि ‘आर्मी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या चाहतावर्गाचे उदाहरण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या व्यवहाराची भाषा विपुल असून तिच्यात कोरियन आणि इंग्रजी या दोन भाषांचे संस्कार एकत्र आले आहेत.

२

जून २०१३ मध्ये रंगमंचावर आलेल्या या समूहाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी युनिसेफच्या कोरियन समितीच्या सहकार्याने ‘लव्ह मायसेल्फ’ ही मोहीम सुरू केली. बालके व तरुण यांच्यावरील हिंसेविरुद्ध युनिसेफ २०१३ पासून जे कार्य करीत होती, त्याला साहाय्य करणे हा तिचा उद्देश होता. आरंभी समूहाने व त्याच्या संस्थेने ५० कोटी वॉन देण्याचे जाहीर केले. ‘लव्ह युवरसेल्फ’ या गीतसंग्रहमालेच्या विक्रीतील ३ टक्के आणि मोहिमेच्या अधिकृत वस्तूंच्या विक्रीचे संपूर्ण उत्पन्न हेही निधीत जाणार होते. शिवाय लोकांच्या स्वतंत्र देणग्यांना वाट मोकळी होती. मार्च २०२१ मध्ये कराराचे नूतनीकरण झाले.

गीतसंग्रहमाला आणि मोहीम यांच्या नावांत एका सर्वनामाचा फरक आहे, आणि तो उपेक्षणीय नाही. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात कर्ता उच्चारला जात नाही. तरी तो द्वितीयपुरुषी असतो, हे १९६० च्या दशकातील रचनांतरणवादी व्याकरणकारांनी आत्मवाचक सर्वनामाच्याच आधारे दाखवले. आज्ञार्थात ‘युवरसेल्फ’ चालते, ‘मायसेल्फ’ चालत नाही. म्हणजे ‘लव्ह युवरसेल्फ’ हा दुसऱ्याला केलेला उपदेश आहे. ‘लव्ह मायसेल्फ’ ही आज्ञा होऊच शकत नाही. हे शब्द ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारले, तरच त्यांना अर्थ येतो. व्याकरणाच्या दृष्टीने सदोष दिसणाऱ्या या घोषवाक्याचे सामर्थ्य येथेच आहे: त्याला श्रोता नाही, केवळ वक्ते आहेत. चाहत्यांची मोहीम वरून आलेल्या हुकुमाने चालली नाही, याचे एक भाषिक बीज या रचनेत सापडते.

परंतु याच रचनेत एक उणीवही दडलेली आहे. आत्मवाचक क्रियेत कर्ता आणि कर्म एकच असतात. तिसऱ्याला तेथे जागा नाही. ज्या मुलाला घरात किंवा शाळेत मार खावा लागतो, त्याचा उल्लेख या दोन शब्दांत कोठेही होत नाही. २४ सप्टेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात समूहाचा प्रमुख किम नाम-जुन याने केलेल्या भाषणात हीच गोष्ट विस्ताराने दिसते. हिंसेपासून मुलांच्या रक्षणाचा त्यात उल्लेख आहे. तथापि भाषणाच्या केंद्रस्थानी जे बालपण आहे ते वक्त्याचे स्वतःचे, इल्सान या गावी गेलेले, नवव्या-दहाव्या वर्षापासून इतरांच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागलेले आहे. भाषण प्रांजळ आहे, आणि श्रोत्याने आपले नाव व आपला आवाज ओळखावा हे त्याचे आवाहन प्रभावीही आहे. पण त्यातील मूल म्हणजे स्वतः गायकच होय. मोहिमेचे ज्यांच्याशी नाते आहे ती मुले पार्श्वभूमीत राहतात.

३

चाहत्यांच्या भाषेकडे वळले असता चित्र अधिक गतिमान दिसते. आवडत्या गायकाला चाहत्यांनी एकत्रितपणे पाठवलेल्या भेटीला कोरियन बोलीत ‘जोगोंग’ असा शब्द रूढ झाला. हा मूळचा राजनैतिक शब्द आहे. मांडलिक राज्याने चीनच्या सम्राटाला पाठवलेला नजराणा असा त्याचा अर्थ. चाहत्यांनी तो अर्थातच विनोदाने वापरला, पण विनोदातही संबंधाची उतरंड स्पष्ट होते. उलट गायकाने चाहत्यांना काही दिले, तर त्याला ‘उलटा नजराणा’ म्हणण्याची पद्धत पडली. या व्यवहारात संप्रदान कोणते याविषयी शंकाच नाही: ते गायक आहे.

या प्रथेच्या जोडीला निराळ्या प्रथा आल्या. कोरियात शुभप्रसंगीही भव्य पुष्पचक्रे पाठवतात. महाराष्ट्रीय वाचकाला पुष्पचक्र म्हटले की अंत्यदर्शन आठवते, तसा तेथे संकेत नाही. २००७ च्या सुमारापासून चाहते गायनाच्या कार्यक्रमांना नुसत्या फुलांऐवजी तांदळाची पुष्पचक्रे पाठवू लागले. फितीवर अभिनंदनाचा मजकूर आणि सोबत तांदळाचे वजन. कार्यक्रम संपला की तो तांदूळ गरजूंच्या संस्थांकडे जातो. नजराण्याचा बाह्य आकार कायम राहिला आणि त्याचे गंतव्यस्थान मात्र बदलले.

पुढे गायकाच्या वाढदिवशी त्याच्या नावाने बालसंस्थांना देणगी देण्याचा परिपाठ पडला. या देणगीसाठी ‘गिबु’ हा सर्वसाधारण शब्द वापरतात, आणि ‘नावाने’ या अर्थी ‘इरुमुरो’. या दुसऱ्या शब्दातील प्रत्यय कोरियन भाषेत साधन, दिशा आणि नाते या तिन्ही अर्थांनी येतो. मराठीतील ‘नावाने’ हेही रूप तृतीयेचे, म्हणजे प्रायः करणाचे आहे. दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे नावाला साधनाची विभक्ती दिली, हे लक्षणीय आहे. जोगोंगमध्ये जो संप्रदान होता, तो गिबुमध्ये करण झाला. ज्याला द्यावयाचे तो आता ज्याच्या योगे द्यावयाचे तो झाला, आणि रिकाम्या झालेल्या संप्रदानाच्या जागी मूल येऊ शकले. या चाहतावर्गाची नैतिक प्रगती एका वाक्यात सांगावयाची, तर ती या कारकपरिवर्तनात सांगता येईल.

या परिवर्तनाचा आणखी एक गुण नोंदवला पाहिजे. आपल्याकडे मंदिराच्या पायरीवर आणि शाळेच्या पंख्यावरही देणगीदाराचे नाव कोरलेले असते. चाहत्याच्या देणगीत त्याचे स्वतःचे नाव बहुधा बुडून जाते. वर झळकते ते दुसऱ्याचे नाव, आणि हजारो लहान रकमांत आपली कोणती हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. देणाऱ्याच्या अहंकाराचा हा लोप अजाणता घडलेला असला, तरी तो अल्प नव्हे.

४

संप्रदानाची जागा मुलाला मिळाली, असे म्हटल्यावर ‘मूल’ या शब्दाकडेही पाहावे लागते. कोरियन चाहते आपल्या आवडत्या गायकांना प्रेमाने ‘उरि एदुल’, म्हणजे ‘आमची मुले’ असे म्हणतात. यातील ‘ए’ हा ‘आइ’ या शब्दाचा संक्षेप आहे. त्याचा मराठी ‘आई’शी कसलाही संबंध नाही, त्याचा अर्थच मूल असा आहे. बालसंस्थेच्या आवाहनात मदतीस पात्र ठरणाऱ्या मुलांसाठीही हाच शब्द येतो. लक्षावधींच्या सभागृहांत गाणारा तरुण आणि आश्रयाची गरज असलेले बालक एकाच नामाने निर्दिष्ट होतात.

मराठी रंगभूमीवर या संबंधाचे उलटे रूप परिचित आहे. तेथे नट प्रेक्षकांना ‘रसिक मायबाप’ म्हणतो. लेकराची भूमिका कलावंत स्वतःकडे घेतो. कोरियन चाहता हीच भूमिका कलावंताला आपण होऊन देतो. दोन्ही ठिकाणी वात्सल्याची भाषा आहे, पण मायबाप म्हणवून घेणाऱ्या मराठी रसिकावर त्या शब्दाने पोषणाचे जे कर्तव्य पडते ते त्या नटापुरतेच मर्यादित राहते. कोरियन शब्दाला एक अधिक शक्यता आहे. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमुळे गायकाविषयीचे वात्सल्य अनोळखी मुलाकडे वळवणे सोपे जाते.

ते खरोखर वळते काय, हे ‘उरि’ या सर्वनामावर अवलंबून आहे. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. कोरियन ‘उरि’त तो नाही. ‘जोहुई’ हे नम्रतेचे रूप श्रोत्याला वगळते, ‘उरि’ दोन्हीकडे चालते. म्हणून ‘उरि’ म्हणणारा चाहता ‘आम्ही आर्मी’ म्हणतो आहे की ‘आपण सारे’ म्हणतो आहे, हे केवळ शब्दावरून कळत नाही; त्याचा निर्णय कृतीवरूनच करावा लागतो. मराठी चाहत्याला मात्र हे वाक्य उच्चारतानाच निवड करावी लागेल. आपल्या भाषेने घातलेली ही सक्ती प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने उपकारक आहे.

५

कृतीचा विचार करताना रकमेचे माप कोठून येते, हे पाहणे उद्बोधक ठरते. जून २०२० मध्ये समूहाने व त्याच्या संस्थेने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या न्यायासाठी चाललेल्या चळवळीला १० लाख डॉलर दिले. ते समजताच ‘वन इन ॲन आर्मी’ या चाहत्यांच्या निधिसंकलक गटाच्या आवाहनावरून जगभरच्या चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. हे कार्य बालकल्याणाचे नव्हते, पण त्यात चाहत्यांच्या दानाची रीत स्वच्छ दिसते. लक्ष्य होते ते गायकांच्या आकड्याशी बरोबरी करण्याचे. वाढदिवसाच्या देणग्यांतही जन्मतारखेचे अंक रकमेत गुंफण्याची हौस दिसते. मराठी माणूस ५१ किंवा १०१ रुपये आहेर करतो, तेव्हा त्याही आकड्याचा घेणाऱ्याच्या गरजेशी संबंध नसतो. तो शकुनाचा आणि नात्याचा आकडा असतो. चाहत्याच्या देणगीत संप्रदान मूल असले, तरी आकडा अजून आहेराचाच आहे.

गीतसंग्रहाच्या खरेदीतून जाणाऱ्या ३ टक्क्यांचा विचारही येथेच करावयास हवा. खरेदी करणारा किंमत देतो आणि वस्तू घेतो. स्वत्वत्यागाची कसोटी त्याला पूर्णतः लागू होत नाही. त्याला सहभागी म्हणता येईल, दाता म्हणणे कठीण. मोहिमेच्या भाषेत मात्र खरेदीदार आणि स्वेच्छेने देणारा यांच्यातील सीमा पुसट होते. विकत घेणे आणि देणे ही दोन क्रियापदे वेगळी ठेवण्यातच दोहोंचा मान आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. पैसा पोचला आणि मुलाचे भले झाले, मग अभिप्रायाची चिकित्सा कशाला? आक्षेप वजनदार आहे. औषध घेणाऱ्या मुलाला ते कोणाच्या वाढदिवसामुळे आले याचे सोयरसुतक नसते. तथापि अभिप्रायाचे परिणाम दोन ठिकाणी जाणवतात. एक तर निवडीत: ज्या कार्यावर गायकाची दृष्टी पडली नाही, त्यातील मुले या ओघाबाहेर राहतात, मग त्यांची गरज कितीही मोठी असो. दुसरे म्हणजे सातत्यात: गायकाचे नाव मंदावले की त्याच्या योगे वाहणारे दानही मंदावण्याचा धोका असतो. साधनाच्या विभक्तीत असलेल्या नावावर सारा भार पडला, तर साधन हरपताच क्रियाही थांबते.

या दृष्टीने पाहता केवळ गायकाच्या आवडीच्या संस्थेपुरते न थांबता निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या संस्था शोधून, त्यांची माहिती करून घेऊन, लहान देणग्यांची आवाहने करणारे चाहत्यांचे गट एक पाऊल पुढे गेले आहेत. त्यांच्या आवाहनांत गायकाचे नाव आरंभी येते आणि पुढचा मजकूर संस्थेचे काम, तेथील गरज आणि देणगीचा विनियोग यांविषयी असतो. गायकावरील प्रेमाने ज्याला दारापर्यंत आणले, त्याला पुढे मुलाच्या गरजेकडे पाहावयास लावणे, हे अशा मजकुराचे खरे कार्य होय.

६

तात्पर्य, ‘लव्ह मायसेल्फ’ या मोहिमेचे घोषवाक्य आणि तिचे सर्वांत गाजलेले भाषण यांत मूल दुय्यम स्थानी आहे, तर चाहत्यांच्या व्यवहारभाषेत ते हळूहळू मुख्य स्थानाकडे सरकताना दिसते. नजराण्याकडून देणगीकडे झालेला प्रवास हा केवळ शब्दांचा नव्हे. त्यात गायक संप्रदानाच्या आसनावरून उतरून करणाच्या जागी आला आहे. उरलेले अंतर रकमेच्या आकड्यात, खरेदीला दान म्हणण्याच्या सवयीत आणि ‘उरि’ या सर्वनामाच्या संदिग्धतेत आहे. चाहत्याने गायकाचे नाव टाकून द्यावे, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. तृतीयेचेही वाक्यात स्थान असते. मात्र चतुर्थीत कोण आहे याचा त्याला विसर पडू नये. ज्या दिवशी देणगीचा आकडा वाढदिवसावरून न ठरता मुलाच्या गरजेवरून ठरेल, त्या दिवशी ‘आम्ही’चे ‘आपण’ झाले असे निःशंकपणे म्हणता येईल.