मर्डरबॉटला माणूस व्हायचं नाही

रोबोटकथेने शंभर वर्षं दोनच प्रश्न घोळवले. हे यंत्र आपल्यावर उलटेल का? आणि हे यंत्र आपल्यासारखं होईल का? कारेल चापेकच्या ‘आर.यू.आर.’ या नाटकात (प्राग, 1921) रोबोट बंड करून माणसांचा नायनाट करतात. आयझॅक असिमोव्हने 1942 मध्ये तीन नियमांचं कुंपण घालून ती भीती आवरली. त्याच असिमोव्हच्या ‘द बायसेंटेनियल मॅन’मधला अँड्र्यू माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी स्वतःचं अमरत्व सोडून देतो. मार्था वेल्स या अमेरिकन लेखिकेने 2017 मध्ये ‘ऑल सिस्टिम्स रेड’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली आणि हे दोन्ही प्रश्न पहिल्या पानावरच निकालात काढले. तिथून सुरू झालेली ‘द मर्डरबॉट डायरीज’ ही मालिका आज विज्ञानकथेच्या वाचकांत सर्वाधिक चर्चा होणाऱ्या मालिकांपैकी एक आहे.

अर्धं यंत्र आणि अर्धं प्रयोगशाळेत वाढवलेलं मानवी शरीर असलेलं एक सुरक्षा-यंत्र, म्हणजेच मर्डरबॉट, कथा सांगतं. त्याला ताब्यात ठेवणारी यंत्रणा त्याने स्वतःच हॅक केली आहे. आता ते कुणालाही मारू शकतं. पण ते गुपचूप आपली ड्यूटी करतं आणि उरलेल्या वेळात टीव्ही मालिका बघतं. अशा पस्तीस हजार तासांचा हिशेब ते आपल्याला देतं. माणसांनी आपल्याकडे बघू नये, आपल्या भावना विचारू नयेत, एवढीच त्याची मागणी. त्याला माणूस व्हायचं नाही. वेल्स यांनी रोबोटकथेत आणलेली खरी नवी गोष्ट हीच, आणि मालिकेबद्दलचे सगळे वाद इथूनच फुटतात.

अनेक वाचकांना हे पुस्तक ऊबदार वाटतं. नजरेला नजर देताना अवघडणारं, गर्दीत गुदमरणारं हे पात्र त्यांना जवळचं वाटतं. ऑटिझम असलेल्या कितीतरी वाचकांनी त्यात स्वतःला ओळखलं आहे. ही ओळख खरी आणि मोलाची आहे. पण ‘लाजाळू, गोड रोबोट’ एवढ्यावरच वाचन थांबलं, तर पुस्तकाच्या गाभ्यावर अन्याय होतो. मला ही मालिका आधी मजुरीची गोष्ट वाटते. परग्रहावर सर्वेक्षणाला जायचं तर कंपनीकडून सुरक्षा-यंत्र भाड्याने घेणं सक्तीचं, कारण विम्याची अट. यंत्र स्वस्तातलं, त्याची डागडुजी त्याहून स्वस्तातली. गनाका पिट या खाणीत 57 माणसं मेली तेव्हा कंपनीने मर्डरबॉटची स्मृती पुसली आणि ते पुन्हा कामाला लावलं. नफेखोर कंपन्यांच्या या जगात माणसांचीही पिढ्यान्‌पिढ्या कंत्राटात विक्री होते. कंत्राटी कामगाराचं जिणं जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटू नये.

सर्वांत गंभीर मतभेद आहे तो डॉ. मेन्सा यांच्याबद्दल. प्रिझर्व्हेशन या मोकळ्या, उदार वसाहतीच्या या नेत्या. मर्डरबॉट सर्वेक्षणाला आलेल्या त्यांच्या चमूचे जीव वाचवतं, आणि पहिल्या पुस्तकाच्या शेवटी त्या त्याला कंपनीकडून विकत घेतात. त्याला घरी न्यावं, मोकळं जगू द्यावं, हा त्यांचा हेतू. वाचकांच्या एका गटाला हा आदर्श शेवट वाटतो. मग मर्डरबॉट निरोप न घेता निघून का जातं, हे त्यांना कळत नाही. काहींना तर तो कृतघ्नपणा वाटतो. पण प्रिझर्व्हेशनच्या कायद्यातही अशा यंत्राला कुणीतरी पालक लागतो. मालकी राहते, फक्त मालक प्रेमळ असतो. मेन्सा यांच्या चांगुलपणाबद्दल वेल्स तिळमात्र शंका ठेवत नाहीत, आणि म्हणूनच हा प्रसंग टोचतो. दुष्ट मालकापासून पळणाऱ्या गुलामाची बाजू घेणं सोपं असतं. चांगल्या मालकापासून निघून जाणाऱ्याची बाजू घ्यायला वाचकाला स्वतःची दयाबुद्धीही तपासावी लागते. गेल्या दशकातल्या विज्ञानकथेत इतकं नेमकं लिहिलेलं दुसरं पान मला तरी माहीत नाही.

तिसऱ्या पुस्तकातल्या, ‘रोग प्रोटोकॉल’मधल्या मिकीच्या गोष्टीतही हाच प्रेमळ मालकीचा प्रश्न आहे. मिकी हा माणसांनी मित्रासारखा सांभाळलेला, समाधानी रोबोट. मर्डरबॉटला त्याचा राग येतो, तिरस्कार वाटतो आणि असूयाही. मिकी आपल्या माणसांसाठी जीव देतो तेव्हा त्या असूयेचं जे होतं, ते वेल्स यांनी फार संयमाने लिहिलं आहे. हे पुस्तक मधलं, भरीचं म्हणून वगळा असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये.

तक्रारींतही तथ्य आहे. पहिल्या चार पुस्तकांचा साचा एकच: नवी जागा, भोळी माणसं, कटकारस्थान, शेवटी हाणामारी. ड्रोन, फायरवॉल, कॅमेरे यांचे तपशील पुढेपुढे थकवतात. इतकी छोटी पुस्तकं सुटी सुटी विकत घ्यावी लागली, हीही वाचकांची रास्त कुरबुर होती. 2020 मधल्या ‘नेटवर्क इफेक्ट’ या पूर्ण लांबीच्या कादंबरीने साचा मोडला, आणि ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले ते योग्यच. 2023 च्या ‘सिस्टिम कोलॅप्स’वर मात्र रटाळपणाचा शिक्का बसला. माझं मत वेगळं आहे. आधीच्या आघाताने खचलेलं मर्डरबॉट इथे स्वतःवरच विश्वास ठेवू शकत नाही, म्हणून कथनही अडखळतं. आणि कंपनीच्या गळाला लागू पाहणाऱ्या वसाहतीला वाचवण्यासाठी ते चक्क माहितीपट बनवतं. इतकी वर्षं नुसता प्रेक्षक असलेला जीव पहिल्यांदा काहीतरी सांगायला बसतो. मालिकेने गाठलेला हा सर्वांत मोठा पल्ला आहे.

मे 2025 मध्ये अ‍ॅपल टीव्ही प्लसवर या पुस्तकांवरची दहा भागांची मालिका आली. मर्डरबॉटच्या भूमिकेसाठी अलेक्झांडर स्कार्सगार्डची निवड पुष्कळांना खटकली. पुस्तकातल्या मर्डरबॉटला लिंग नाही आणि प्रत्येकाने मनात त्याला आपापला चेहरा दिला होता. स्कार्सगार्डचा अभिनय चांगला आहे. नुकसान झालं आहे ते मेन्सांच्या चमूचं. पुस्तकातली जाणती, कामात चोख माणसं पडद्यावर भाबडी होतात, आणि मग त्यांच्या चांगुलपणाला नकार देण्यातलं वजनच कमी होतं.

आजच्या रोबोटकथेत वेल्स एकट्या नाहीत. बेकी चेंबर्स यांचा मॉसकॅप, काझुओ इशिगुरोंची क्लारा, एड्रियन चायकोव्स्कींच्या ‘सर्व्हिस मॉडेल’मधला नोकर, हे सगळे याच दशकातले. मॉसकॅप माणसांना काय हवं ते विचारत फिरतो, क्लारा माणसासाठी झिजते, तो नोकर नवा मालक शोधत हिंडतो. मला काय हवंय ते अजून ठरलेलं नाही आणि ते तुम्ही ठरवू नका, असं म्हणणारं मर्डरबॉट या सगळ्यांत वेगळं उठून दिसतं.

ज्यांनी फक्त पडद्यावरची मालिका पाहिली आहे, त्यांनी पुस्तकांकडे जरूर वळावं. पहिली चार सलग वाचावीत, कारण ती मिळून एकच कादंबरी होते. त्यानंतर थेट ‘नेटवर्क इफेक्ट’ घ्यावी. याच मालिकेतली ‘फ्युजिटिव्ह टेलिमेट्री’ नंतर वाचली तरी चालेल.