आसनस्थ याजक : ‘इब्री लोकांस पत्रा’तील अंतिम यज्ञ

येशूच्या मृत्यूची जी वृत्ते चार शुभवर्तमानांतून येतात, त्यांत यज्ञविधीचे एकही लक्षण आढळत नाही. वेदी नाही, मंत्र नाही, आणि अधिकृत याजक तर आरोपीच्या विरुद्ध बाजूस उभे आहेत. रोमी सत्तेने नगराबाहेर दिलेली ती देहान्ताची शिक्षा होती. ती चालू असताना शिपाई त्याच्या वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकीत होते. त्या वेळचा प्रमुख याजक कयफा हा आरोप करणाऱ्यांत अग्रेसर होता. अशा या प्रसंगाला नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ हा ग्रंथ यज्ञ म्हणतो, आणि तेवढ्यावर न थांबता त्या यज्ञाचा प्रमुख याजक म्हणून देहदंड झालेल्या त्या माणसाकडेच बोट दाखवितो. कयफाचा त्यात उल्लेखही नाही. ज्या पदाने त्याला दोषी ठरविले तेच पद त्याला देणे, ही धर्मशास्त्रातील एक घटना खरीच. परंतु तिच्याकडे वाङ्मयीन कृती म्हणूनही पाहिले पाहिजे. नव्या करारातील अन्य कोणत्याही लेखकाने येशूला याजक म्हटलेले नाही.

या पत्राचा कर्ता अज्ञात आहे. परंपरेने ते पौलाच्या नावावर घातले, इ. स. २०० च्या सुमाराच्या एका प्राचीन पपायरसात ते पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाठोपाठ येते. परंतु ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असा अभिप्राय तिसऱ्या शतकात ओरिजेनने दिला होता, आणि आजवरच्या संशोधनाची त्यापुढे फारशी मजल गेलेली नाही. ल्यूथरने १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात त्याला अखेरच्या चार ग्रंथांत ढकलले. पत्र म्हणावे तर आरंभी लेखकाचे नाव नाही, अभिवादनही नाही. ते एक घोटीव ग्रीक भाषेतील प्रवचनच होय. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर रोमी सैन्याने जाळले. पत्र त्यापूर्वीचे की नंतरचे, हा वाद मिटलेला नाही. मिटणे कठीणही आहे, कारण पत्रकर्ता मंदिराविषयी बोलतच नाही. तो बोलतो मोशेच्या काळातील रानातल्या मंडपाविषयी, म्हणजे ज्याला कोणतेही सैन्य जाळू शकत नाही अशा, केवळ ग्रंथात उरलेल्या वास्तूविषयी.

त्याच्या युक्तिवादामागे लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायातील प्रायश्चित्तदिनाचा विधी उभा आहे. वर्षातून एक दिवस एकच माणूस पडद्यापलीकडच्या परमपवित्रस्थानात जाई. आधी त्याने स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पावयाचा, मग लोकांच्या पापांसाठी आणलेल्या दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकावयाच्या, एक परमेश्वराचा आणि दुसरा ‘अजाजेला’साठी जिवंत रानात सोडावयाचा, धूपाच्या धुराआडून आत शिरून दयासनावर रक्त शिंपडावयाचे. मिश्नेच्या ‘योमा’ या प्रकरणात पुढील काळाचा तपशील आहे. प्रमुख याजकाला सात दिवस आधी घरापासून दूर ठेवीत. आदल्या रात्री त्याला झोपू देत नसत. आणि हे सारे ज्या दालनासाठी, ते दुसऱ्या मंदिराच्या काळात रिकामे होते. कराराचा कोश केव्हाच नाहीसा झाला होता. इ. स. पू. ६३ मध्ये पाँपे हा रोमी सेनापती कुतूहलाने आत शिरला, तेव्हा त्याला तेथे देवाची मूर्ती म्हणून काहीच दिसले नाही. भारतीय वाचकाला गाभाऱ्याची सवय असल्यामुळे या रिकामेपणाचे मर्म सहजी लक्षात येत नाही. परंतु पत्रकर्त्याची सारी प्रतिमासृष्टी त्या रिकाम्या दालनातच वावरते.

आता मुख्य अडचण. येशू यहूदा वंशातला. याजकपद लेवीच्या वंशाकडे. शास्त्राप्रमाणे त्याला बाहेरच्या पवित्रस्थानातही पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता. पत्रकर्ता ही अडचण लपवीत नाही, उलट ती स्वतःच मांडतो आणि मग मलकीसदेकाकडे वळतो. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात हा शालेमचा राजा व देवाचा याजक अकस्मात येतो, अब्राहामाला भाकर व द्राक्षारस देतो, आशीर्वाद देतो, त्याच्याकडून दशांश घेतो आणि निघून जातो. त्याचा बाप कोण, आई कोण, तो मेला केव्हा, काहीच सांगितलेले नाही. नेमक्या या न सांगण्यावरच पत्रकर्ता इमारत उभारतो : ज्याच्या जन्ममरणाची नोंद नाही त्याचे याजकपद अनादि व अनंत, आणि अब्राहामाने त्याला दशांश दिला त्या वेळी अब्राहामाच्या पोटी अजून यावयाचा असलेला लेवीही त्याच्यापुढे वाकला. आधुनिक वाचकाला येथे हसू येण्याचा संभव आहे. परंतु शब्दाइतकेच मौनालाही प्रमाण मानणारी ही रीत ज्यांनी आपल्याकडील भाष्यग्रंथ वाचले आहेत त्यांना परकी वाटू नये. शिवाय मलकीसदेकाविषयीचे हे गूढ पत्रकर्त्याच्या एकट्याच्या कल्पनेतले नव्हते. कुमरान येथील अकराव्या गुहेत सापडून १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गुंडाळीत हाच मलकीसदेक अंतिम न्यायाचा स्वर्गीय पुरुष म्हणून येतो.

याहून विलक्षण आहे ती चाळिसाव्या स्तोत्राची कथा. मूळ हिब्रूत स्तोत्रकार म्हणतो की देवाला यज्ञबली नको आहेत. त्याने आपले कान उघडले, अर्थात आज्ञा ऐकण्यासाठी. ग्रीक भाषांतरात कानांच्या जागी ‘शरीर’ आले, आणि पत्रकर्त्याच्या हाती जो पाठ होता तो असा : देवाने बली नाकारले व स्तोत्रकर्त्यासाठी शरीर सिद्ध केले. ऐकणाऱ्या कानांच्या जागी अर्पावयाचा देह आला. पत्राच्या दहाव्या अध्यायाचा सारा भार भाषांतरातील या एका स्थित्यंतरावर पडला आहे. ज्याला यात केवळ प्रमाद दिसतो त्याने इतकेच पाहावे की देहाच्या त्या अर्पणाचा अर्थ पत्रकर्ता अखेर आज्ञापालन असाच लावतो. कान पाठातून गेले, अर्थातून गेले नाहीत.

यज्ञसंस्थेत, मग ती इस्राएलची असो वा वेदकालीन, यजमान, ऋत्विज आणि पशू ही तीन स्थाने भिन्न असतात; पशू यजमानाच्या जागी मरतो, आणि ऋत्विज सुरक्षितपणे मधे उभा असतो. पत्रकर्त्याने या तिन्ही स्थानांतील अंतर काढून टाकले. अर्पण करणारा आणि अर्पिला जाणारा एकच. क्रियापदाचा कर्ताच त्याचे कर्म झाला. आणि हा याजक विधिकुशल, अलिप्त पुरोहित नव्हे. पाचव्या अध्यायात तो मोठ्याने आक्रोश करीत, अश्रू ढाळीत प्रार्थना करताना दिसतो. मात्र पत्रातील सर्वांत समर्थ प्रतिमा रक्ताची नाही, अश्रूंचीही नाही. ती बसण्याची आहे. लेवीय याजक दररोज उभे राहून तेच तेच बली अर्पीत राहतात. हा याजक एक बली अर्पून बसला. निर्गम ग्रंथात मंडपातील साहित्याची लांबलचक यादी आहे : मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, पडदे, कड्या, खुंट्या. तीत याजकासाठी आसन नाही. त्याचे काम संपणारे नव्हतेच, मग आसन कशाला? ‘बसला’ हे क्रियापद एकशे दहाव्या स्तोत्रातून घेतलेले आहे. पण तेथे ते राजाचे बसणे आहे. पत्रकर्त्याने ते दिवसभर उभ्या असलेल्या सेवकाच्या शेजारी नेऊन ठेवले, आणि राजवैभवाची ती खूण काम संपल्याची खूण झाली.

काम संपले हे सांगणारा ग्रीक शब्द ‘एफापाक्स’. मराठीत त्यासाठी ‘एकदाच’ हा शब्द सहज हाताशी येतो, पण तो केवळ संख्या सांगतो : दोनदा नव्हे, एकदा. मूळ शब्दात समाप्तीचा जो भाव आहे तो मराठीत ‘एकदाचे’ या रूपात आहे. काम एकदाचे झाले असे म्हणताना बोलणाऱ्याच्या सुटकेचा निःश्वासही ऐकू येतो. परंतु ‘एकदाचे’ हे घरगुती बोलणे. त्यात थोडी कावल्याचीही छटा आहे, आणि धर्मग्रंथाच्या भाषांतरात ते चालावयाचे नाही. ‘एकदाच’मध्ये गांभीर्य आहे पण सुटका नाही, ‘एकदाचे’मध्ये सुटका आहे पण गांभीर्य नाही. सामान्य स्त्रियांनाही कळेल अशा मराठीसाठी पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे भाषांतर करण्याचा प्रचंड उद्योग केला; तशा उद्योगापुढे अडचणी उभ्या राहतात त्या अशा बारीक जागी.

भारतीय अभ्यासकाला येथे एक मोह पडतो. कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ मध्ये वैदिक प्रजापतीच्या आत्मयज्ञात ख्रिस्ताच्या यज्ञाची पूर्वसूचना आहे असे प्रतिपादन केले. पुरुषसूक्तातही यज्ञपुरुष स्वतःच हवि होतो. साम्य डोळे दिपविणारे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. पुरुषाचा यज्ञ सृष्टीच्या आरंभी घडतो आणि त्यातून यज्ञधर्म सुरू होतो. पुढचा प्रत्येक यज्ञ त्याची आवृत्ती. येशूचा यज्ञ इतिहासाच्या मध्यात घडतो आणि त्याने यज्ञधर्म संपतो. पत्रकर्त्याच्या मते तोच बली दरवर्षी द्यावा लागणे हाच तो निष्फळ असल्याचा पुरावा. मीमांसक हे मान्य करणार नाही; नित्यकर्म पुन्हा पुन्हा करावयाचे ते निष्फळ म्हणून नव्हे, विहित म्हणून, असे तो म्हणेल, आणि त्याचे उत्तर दुर्बल नाही. यज्ञातून बाहेर पडण्याच्या भारतीय वाटाही निराळ्या : उपनिषदांनी यज्ञ आत नेला, बौद्ध वाङ्मयातील कूटदन्त सूत्राने हिंसेवाचून होणाऱ्या यज्ञाला दानशीलाचा अर्थ दिला. मंदिर गेल्यावर यहुदी आचार्यांनीही प्रार्थना, अध्ययन आणि दयाकर्म यांना बलींचे स्थान दिले. त्यांच्या परंपरेला ‘छाया’ ठरविणाऱ्या पत्रकर्त्याने तिच्या या जिवंतपणाची कल्पना केलेली नाही, हे त्याच्या दृष्टीचे न्यून म्हणून नोंदविले पाहिजे.

‘एकदाच’ या शब्दावरून पुढे ख्रिस्ती जगातही फूट पडली. मिस्सा हाही यज्ञ मानला तर तो एकदाच कसा, हा सुधारकांचा प्रश्न. तो निराळा यज्ञ नव्हे, तोच यज्ञ निराळ्या रीतीने अर्पिला जातो, हे त्रेंतच्या परिषदेचे १५६२ चे उत्तर. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याने ही कथा ओवीत बांधली आणि पुराण म्हणून सांगितली. पुराण पारायणासाठी असते. क्रिस्तपुराणही गोव्याच्या चर्चमधून सणावारी वाचले जाई. एकदाच घडलेल्या गोष्टीला मराठीत पहिले मोठे घर मिळाले ते पुन्हा पुन्हा वाचण्याच्या वाङ्मयप्रकारात.

एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. मराठीत ‘बळी जाणे’ आणि ‘बलिदान करणे’ यांत जे अंतर आहे तेच शुभवर्तमाने आणि हे पत्र यांत आहे. शुभवर्तमानांतील येशू बळी जातो. भ्याड शासक आणि भेदरलेले पुढारी यांच्या सोयीसाठी त्याला मारले जाते. पत्रातील येशू बलिदान करतो. क्रूस हा शब्द साऱ्या पत्रात एकदाच येतो. खुनाला पूजाविधीची वस्त्रे चढविली की खुनी दिसेनासे होतात, अशी शंका घेण्यास येथे जागा आहे. फ्रेंच विचारवंत रने जिरार याने १९७८ मध्ये नेमका हाच दोष या पत्रावर ठेवला होता. पुढे आपण पत्राला अन्याय केला असे त्याने स्वतःच कबूल केले.

त्या आक्षेपाला पत्राच्या पहिल्या बारा अध्यायांत पुरेसे उत्तर नाही. ते तेराव्यात येते, आणि तेही ओझरते. प्रायश्चित्तदिनी ज्या पशूंचे रक्त आत नेले जाई, त्यांची कलेवरे खाल्ली जात नसत. ती छावणीबाहेर नेऊन जाळीत. रक्त आत, देह उकिरड्यासारखा बाहेर. बारा अध्याय रक्ताबरोबर पडद्याआड गेलेला पत्रकर्ता येथे प्रथमच त्या देहाकडे वळतो आणि वाचकांना सांगतो की येशूनेही वेशीबाहेरच दुःख सोसले. तर आता आपणही छावणीबाहेर, त्याची अप्रतिष्ठा वाहत, त्याच्याकडे जावे. याजक आत बसला आहे असे ज्याने इतक्या आटापिटाने सिद्ध केले, तोच वाचकांना शेवटी आत बोलावीत नाही. तो त्यांना फाटकाबाहेर, जेथे कलेवरे जळत असत, तेथे पाठवितो.